दुबार साळू

"तुमच्या साहेबांनी जितं मानूस खोडलं," भरत म्हणाला आणि घामानं मऊ पडलेली पावती त्यानं मोनालीच्या कीबोर्डवरच ठेवली. "कोन साहेब, ते आमाला म्हाईत नाय. खिडकीवरचा बोलतो, संगणकानं केलं. संगणक तर बोलत नाय. म्हनून हितं आलो. पत्ता हाय ना खाली."

पावतीच्या तळाशी रेशनची यादी सांभाळणाऱ्या या कंपनीचा पत्ता खरोखरच होता. पनवेल, एसटी स्टँडसमोर, दुसरा मजला. छापायचा असतो म्हणून छापलेला. चार वर्षांत त्या पत्त्यावर चालत कुणीही आलं नव्हतं.

भरतच्या मागे दोन बायका उभ्या होत्या. त्याच्याच, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतून आलेल्या, वीटभट्टीवर काम करणाऱ्या. एकीचे केस पांढरे होते आणि जिना चढल्याची धाप अजून बसली नव्हती. दुसरी तिच्याहून बरीच लहान, नजर खाली.

"नाव काय, मावशी?" मोनालीनं विचारलं.

"साळू काळू वाघमारे," पांढऱ्या केसांची म्हणाली.

"आणि यांचं?"

"तेच," तिनंच सांगितलं.

शेजारच्या टेबलावर विश्वजीतनं मान वर केली. वीस वर्षं प्रोग्राम लिहून त्याचं पोट सुटलं होतं आणि विश्वास उडाला होता.

"नवऱ्याचं नावसुद्धा तेच?"

"वाडीत बत्तीस घरं, पाच काळू," भरत म्हणाला. "आमचं कवा चुकलं नाय. ही आंब्याखालची साळू, ती टाकीजवळची साळू. पाळन्यातला पोरगा पन सांगंल. तुमच्या यंत्राला नाय समजला."

पावतीवर लिहिलं होतं: दुबार लाभार्थी, नाव वगळले. टाकीजवळच्या साळूला आठ महिने रेशनचा तांदूळ मिळाला नव्हता.

मोनालीनं यादी उघडली. वाडी तीच, नाव तेच, जन्मतारीख तीच. एक जानेवारी एकोणीसशे बहात्तर.

"तुम्ही दोघी एकाच दिवशी जन्मलात?"

पांढऱ्या केसांची, म्हणजे आंब्याखालची, हसली. "जन्मले तवा कोन लिवत होता, बाय? गेल्या साली रेशनकार्डाच्या कॅम्पवाल्यानं माझा अर्ज भरला. मंग हिचा आला, तर माझाच पुढं ठेवला नि बघून उतरवला. बोलला, नाव एकच हाय, माझी मेहनत वाचली."

विश्वजीत हळूच म्हणाला, "कॉपी-पेस्ट. आपल्या धंद्यातला निघाला."

मोनाली हसली नाही. यादीत दुबार कोण, हे ठरवणारा कोड तिनं काढला. नाव, वाडी, जन्मतारीख. तिन्ही जुळलं की नंतरचं नाव बाद. असा नियम लिहिणाऱ्याला चार शिव्या घालाव्यात असं तिच्या मनात आलं, आणि ओठांवरही आलं असावं.

"शिव्या घालण्याआधी लेखकाचं नाव बघावं," विश्वजीत म्हणाला. "निम्म्या वेळा आपलंच निघतं."

तिनं बघितलं. मग माऊस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

चार वर्षांपूर्वीचा शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. भट्टीवर झिजलेले अंगठे यंत्राला वाचता येत नव्हते आणि दुबार नावं काढा म्हणून वरून रोज फोन येत होता. तेव्हा तिनंच ही युक्ती काढली होती. ओळीच्या वर तिनंच शेरा लिहिला होता: 'दोन वेगळी माणसं इतकी सारखी असूच शकत नाहीत.' अकरा हजार दुबार नावं पकडली म्हणून तिला सभागृहात पुष्पगुच्छ मिळाला होता. त्या अकरा हजारांत किती साळू होत्या, हे पुष्पगुच्छ देणाऱ्यानं विचारलं नाही. घेणारीनंही नाही.

संगणकाला दोष देणं सोपं असतं. तो बिचारा सांगितलं तेवढंच करतो. असा आज्ञाधारक कारकून सरकारला आजवर मिळाला नव्हता, म्हणून तर सगळे त्याच्या नावावर हात झटकतात.

"मंग करा ना दुरुस्त," भरत म्हणाला. "तुमच्यासमोरच हाय."

"कोड मी दहा मिनिटांत बदलते. पण तो चालू करायला वरचं पत्र लागतं."

"मंग पत्र मागवा."

"तक्रार नोंदवल्याशिवाय पत्र निघत नाही."

"मंग आमची तक्रार लिवा. ही बसली हाय ना पुढ्यात."

"यांचं नावच यादीत नाही. ज्याचं नाव चालू आहे, त्यालाच तक्रार करता येते."

"मंग ही करंल," भरतनं आंब्याखालच्या साळूकडे बोट दाखवलं.

पुढचा नियमही मोनालीचाच होता. "यांनी केली, तर चौकशी होईपर्यंत दोन्ही नावं थांबतात. म्हणजे या मावशींचाही तांदूळ बंद."

"किती दिस?"

"तालुक्यातून माणूस येऊन बघून जाईपर्यंत."

"वाडीवर रस्ता नाय. मानूस इलेक्शनला येतो."

"याला इंग्रजीत लूप म्हणतात," विश्वजीत म्हणाला, "मराठीत कार्यालय." कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

आंब्याखालची साळू टेबलाला टेकून उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता कसं चालतंय, सांगू का, बाय? महिन्याला माझा तांदूळ येतो. हिच्या दारात अर्धा वतते. पंधरा दिसांनी दोघींच्या चुली इझतात, मंग कंदमुळं, मंग मालकाकडं उचल. पन चालतंय. कसंबसं चालतंय ते हलवू नको. हात लावलास तर हाय ते पन बंद पडंल."

विश्वजीत चष्मा पुसायचा थांबला. या धंद्यात शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुणी विचारली असती, तर त्यानं शब्दाशब्दानं हेच सांगितलं असतं. पण त्याला ती पगार घेऊन, एसीत बसून कळली होती.

"मी पत्र लिहिते," मोनाली म्हणाली. "माझ्या नावानं. नियम चुकीचा आहे, मीच लिहिला, असं."

"तुझी नोकरी जाईल, आणि पत्र फाईलीत," विश्वजीत म्हणाला. "नियम तिथंच."

"मग काय करू, सर?"

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खाली स्टँडवर कंडक्टर अलिबाग, अलिबाग ओरडत होता. भरतनं पावती उचलून घडी केली, पण खिशात घातली नाही.

टाकीजवळची साळू पुढं आली आणि पडद्यावरच्या उरलेल्या एका नावावर तिनं बोट टेकवलं.

"ह्या नावात आता आमी दोघी हाव ना?"

"हो."

"ही माझ्याहून थोरली. छातीत दुखतं हिला. उद्या ही गेली, तर ग्रामसेवक हे नाव मेलेलं लिवनार."

आंब्याखालची म्हणाली, "तोंड बघ हिचं, माझ्या मरनाची घाई." पण तिनंही मोनालीकडेच पाहिलं.

मृत नोंद झालेलं नाव, तीच वाडी, तीच जन्मतारीख. पुन्हा नोंदवता येणार नाही. कितव्या ओळीत ते लिहिलंय, हे मोनालीला न बघता माहीत होतं. मेलेल्यांच्या नावावर कुणी धान्य उचलू नये म्हणून तिनं तो नियम मोठ्या अभिमानानं घातला होता.

"मावशी, तसं होणार नाय," ती म्हणाली. उरणच्या घरचं 'नाय' किती वर्षांनी तिच्या तोंडून निघालं, आणि ते खोटं होतं.

"होनार नाय कसं? यंत्राला इचारलंस?"

मोनालीनं ती ओळ पडद्यावर काढली.

"आमी अडानी, बाय, पन मेलेलं मानूस वळखतो. हिला पुरून मी वाडीवर जाईन, सैपाक करीन, पोरांना वाढीन. तवा मी जिती का मेलेली? गप नको बसू. तू लिवलंस ना? तर मंग तूच सांग."