टिमकी पॉइंट एक

प्राप्तीच्या वडिलांच्या, जीवनच्या, बँजो पार्टीचा एकच कायदा होता: मिरवणुकीत समोरच्या पार्टीचा आवाज आपल्याला ऐकू आला, की आपण हरलो. प्राप्तीला या कायद्याचं बाळकडूच मिळालेलं. श्रीवर्धनच्या कॉलेजात सुचिता मॅडमनी लॅपटॉपवर कोड लिहून संगीत वाजवायचा वर्ग काढला, तेव्हा यादीत पहिलं नाव तिचं होतं. दुसरं नाव अमिषाचं, आणि तेही प्राप्तीनेच घातलं होतं. या एका गोष्टीसाठी ती स्वतःला चार महिने शिव्या घालत होती.

अमिषा तिची आतेबहीण, वर्षाने धाकटी, आतल्या गावातून शिकायला मामाकडे आलेली. एकटी कुठे जाणार बिचारी, म्हणून प्राप्तीने तिला सोबत नेलं. आता ती बिचारी राहिली नव्हती.

प्रकार तसा सोपा. एक ओळ लिहायची, की ढोल सुरू होतो आणि वाजतच राहतो. तो चालू असताना दुसरी ओळ लिहायची, ती टिमकीची. तिसरी घुंगरांची. ओळीवर ओळ चढवत जायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाजाचा आकडा असतो, शून्यापासून एकपर्यंत. आणि या कलेचा रिवाज असा, की लिहिणाऱ्याचा पडदा मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसतो. लपवाछपवी चालत नाही.

प्राप्तीचं काय व्हायचं, टिमकी ऐकू येईना म्हणून ती टिमकी वाढवायची. मग ढोल दबला म्हणून ढोल. मग घुंगरू. पाचव्या ओळीला सगळेच आकडे एकवर आणि स्पीकर फाटल्यासारखा खरखरायचा. मॅडम दर वेळी सांगायच्या, "एखादी ओळ वर हवी असेल तर बाकीच्या खाली घे." प्राप्ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच करायची. आकडा खाली आणायचा म्हटलं की तिला आपलीच पार्टी हरल्यासारखं वाटायचं.

अमिषाला हे कुणी शिकवावंच लागलं नाही. तिचा बापाकडचा आजा, भागोजी, पालखीपुढच्या खालू बाजात, म्हणजे ढोल-सनईच्या ताफ्यात, टिमकी वाजवणारा. "सनई आली का टिमकीनं हात राखायचा, आजा सांगतो," एवढं बोलून तिने पहिल्याच दिवशी टिमकी पॉइंट आठवरून पॉइंट तीनवर आणली होती. मॅडमचा चेहरा खुलला. प्राप्तीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. घरी तिचे बाबा पोरगी सोडून भाचीला बोलवायचे, "अमिषा, वाजव गो जरा तुझं!" प्राप्ती आत जाऊन उगाच भांडी आदळायची.

आता पुण्याला असं कोड लिहून वाजवणाऱ्यांचा मेळावा होता, आणि वर्गातून एकीलाच पाठवायचं होतं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कॉलेजच्या सभागृहात दोघी आपापल्या लॅपटॉपवरून एकाच पानावर लिहिणार, आणि ते ऐकून मॅडम ठरवणार. पुण्याला जायचं प्राप्तीला इतकं हवं होतं, की आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. प्राप्तीने ढोल टाकला, पॉइंट आठ. अमिषाने टिमकी, पॉइंट पाच, वर घुंगरू. मग सनईसारखा एक सूर. पुढच्या रांगेत बाबा मांडीवर ताल धरून बसले होते. प्राप्तीने नीट पाहिलं. ताल टिमकीचा होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कर्सर सरळ अमिषाच्या ओळीवर नेला, पॉइंट पाचचा पॉइंट एक केला आणि बटण दाबलं. भिंतीवर कर्सरला तिचं नाव चिकटलेलं होतं, हे तिला दाबल्यानंतर दिसलं.

टिमकी एकदम लांब गेली, सुपारीच्या बागेपलीकडून यावी तशी. लोक ऐकायला पुढे वाकले. गावाहून ऐकायला आलेल्या, शेवटच्या रांगेतल्या भागोजीने मान वर केली. आता अमिषा आकडा परत वाढवणार, भांडण लागणार, म्हणून प्राप्ती कीबोर्डवर बोटं ठेवून तयार बसली. अमिषाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि घुंगरूही पॉइंट एकवर आणले. मग सूरही.

राहिला प्राप्तीचा ढोल. रिकाम्या घरात कुणी पिंप बडवावं तसा तो वाजत होता. ऐकून तिलाच लाज वाटली. तिने आठचे सहा केले. चार. दोन. आणि तेव्हा सगळं एकमेकांत बसलं.

टाळ्या थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "प्राप्ती, टिमकी एवढी खाली घ्यायचं सुचलं कसं?"

प्राप्तीने भिंतीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. तेवढ्यात अमिषा बोलली, "आमचं ठरलेलंच होतं, मॅडम. ताईनंच सुचवलं."

पुण्याला प्राप्तीचं नाव गेलं. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आज माझे पोरीनं हात राखला," ते भागोजीला म्हणाले. हे वाक्य ऐकायला ती चार महिने आसुसली होती.

बाहेर तिने अमिषाला गाठलं. "खोटं का बोललीस?"

"जोडीदाराला चारचौघांत उघडं पाडायचं न्हाय, आजा सांगतो." अमिषा वायर गुंडाळत होती. "पन पॉइंट एक लई कमी व्हतं गो ताई. पुण्याला दोन ठेव."

ती रागावली असती, रडली असती, तर प्राप्तीला सोसलं असतं. पण असं सांभाळून घेणं आपल्याला जन्मात जमलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि पोटातलं ते जुनं दुखणं दुप्पट होऊन परत आलं. पार्टीच्या टेंपोत बाबांनी तिला कौतुकाने पुढे बसवलं. मागे अमिषा स्पीकर पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि हळूच काहीतरी गुणगुणत होती.