रांगेतली तिसरी नोंद

मी फोन बोलतोय. हसू नका हो! आजवर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आज जरा माझं ऐका. मी घरगुती फोन नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा फोन. माझ्या पाठीवर पुस्तकावर असतो तसा दाखल अंक लिहिलेला आहे. शिक्कासुद्धा मारायला निघाले होते, पण शाई टिकेना म्हणून सुटलो.

मला आणलं ग्रंथपाल मॅडमनी. मॅडम म्हणजे भारी काटेकोर बाई. एखाद्या पुस्तकाची नोंद अर्धवट दिसली की त्यांना घास गोड लागत नाही. ग्रंथालयाचं पेज चालवायचं, हे माझं काम. रोज सकाळी अकराला एक पोस्ट. दर सोमवारी मॅडम आठवड्याभराच्या पोस्ट लिहायच्या, तारीख-वेळ घालायच्या आणि माझ्या रांगेत उभ्या करायच्या. वेळ झाली की मी सोडून द्यायचो. कुणाला विचारायचं नाही, थांबायचं नाही.

प्राध्यापकांनाही त्यांनीच शिकवलं. एकदा सगळ्यांना वाचनकक्षात बसवून खडसावलं, "डब्यातल्या भाजीचे फोटो घरच्यांना पाठवा. इथे तुमच्या विषयात नवीन काय आलं ते टाका, मुलांच्या शंकांना उत्तरं द्या." मंडळी कुरकुरली, मग हळूहळू रुळली.

पहिल्या रांगेत एक्क्याऐंशी वर्षांचे निवृत्त इतिहासाचे सर बसले होते. सगळे त्यांना तळटीप सर म्हणायचे, कारण साधा चहा मागितला तरी ते खाली दोन खुलासे जोडायचे. ते मॅडमचे वडील. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. दिवसभर एकमेकांच्या चुका काढायची आणि संध्याकाळी एकत्र जेवायची.

"ठमाबाई, तुझ्या पोस्टमध्ये प्रकाशनवर्ष चुकलंय," सर म्हणायचे.

"बाबा, तुमचा चष्मा चुकलाय," मॅडम म्हणायच्या. आणि मग गुपचूप जाऊन वर्ष तपासायच्या.

आता जे झालं ते सांगतो. भूगोलाचे एक जुने सर वारले. घाईघाईत श्रद्धांजली टाकली आणि त्यात त्यांच्या नावावर दुसऱ्याचंच पुस्तक चढलं. घरच्यांचा फोन आला. मॅडम शरमेने अर्ध्या झाल्या. त्यांनी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. तेव्हा तीन निवृत्त प्राध्यापक हयात होते. तिघांच्याही श्रद्धांजल्या त्यांनी आधीच लिहून ठेवल्या. फोटो, पुस्तकांची यादी, आवृत्त्या, सगळं तपासून. तिसरी त्यांच्या बाबांची. लिहिताना डोळे पुसले, पण लिहिली.

जिवंत माणसांच्या नोंदी पुऱ्या करून ठेवणं ग्रंथपालालाच सुचावं! आणि गंमत अशी की तारीख घातल्याशिवाय रांगेत काही राहत नाही. म्हणून मॅडमनी मनाला येतील त्या पुढच्या तारखा ठोकल्या. वेळ नेहमीची, अकरा. नंतर बदलू, म्हणाल्या. मग परीक्षा आल्या, प्रवेश आले आणि त्या साफ विसरल्या.

सहा महिन्यांनी पहिली वेळ भरली. वनस्पतिशास्त्राच्या बाईंची. मी अकराला श्रद्धांजली सोडली. बाई त्याच सकाळी पावणेअकराला कुंड्यांना पाणी घालताना गेल्या होत्या.

लोकांनी लिहिलं, "ग्रंथालय किती तत्पर!" कुलसचिवांनी कौतुक केलं. मॅडमना वाटलं देवघेव काउंटरवरच्या काकांनी टाकली, काकांना वाटलं मॅडमनी. विषय तिथेच मिटला.

दीड महिन्याने गणिताचे सर. सलूनच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले, अकराला दहा कमी असताना. अकराला पोस्ट. या वेळी मात्र मॅडमनी काकांना विचारलं.

"छे हो मॅडम," काका म्हणाले. "मला तर तुमच्या पोस्टवरूनच कळलं. म्हटलं, या बाईंना बातमी लागते तरी कुठून?"

मॅडमनी मला उचललं आणि रांग उघडली. तिसरी नोंद. बाबा. येता गुरुवार, सकाळी अकरा.

त्यांनी नोंद पुसली. मी पुसली, खोटं कशाला सांगू? पण रांग पुन्हा उघडली तर ती तिथेच. तीनदा पुसली, तीनदा आली. ती कोण आणत होतं, मलाही ठाऊक नाही. मला फक्त माझ्यात काहीतरी गार गार सरकल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यांनी तारीख बदलून पाहिली. ती बदलली. मॅडमनी एकदम पन्नास वर्षं पुढची घातली आणि तोंडावर हात धरून रडल्या.

गुरुवारी त्या रजा घेऊन घरी बाबांसमोर बसल्या. सर खणखणीत होते, वर्तमानपत्रावर ओरडत होते. अकराच्या ठोक्याला शब्दकोश काढायला उठले आणि धाडकन कोसळले.

मेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या झटक्यातून कोणी वाचत नाही. कसे राहिले, आम्हालाच कळत नाही."

राहिले, पण कसे! एक अंग गेलं. पाठीला जखमा झाल्या. अन्न उतरेना. औषधांनी दुखणं थांबेना. आणि रोज सकाळी अकराला त्यांचा श्वास बंद पडायचा. मिनिटभर नुसते डोळे दाराकडे. कुणीतरी आत येणार होतं आणि आलं नाही, असं काहीतरी त्या डोळ्यांत असायचं. मग श्वास परत सुरू व्हायचा, की सर कण्हायचे. असे चौदा महिने गेले. मी उशालगत असायचो, मला सगळं दिसायचं.

एके दिवशी श्वास परतल्यावर ते म्हणाले, "पोरी, तुला काहीतरी माहीत आहे. अकरा वाजायला आले की तू माझ्याकडे बघत नाहीस, त्या फोनकडे बघतेस."

मॅडमनी सगळं सांगितलं. सरांनी अर्थातच पुरावा मागितला. मॅडमनी मला त्यांच्यापुढे धरलं. सरांनी स्वतःची श्रद्धांजली सावकाश वाचली.

"पन्नास वर्षं?" त्यांना हसू आलं, मग खोकला. "तोवर माझी पुस्तकं वाचायला वाळवीसुद्धा उरायची नाही गं." पुन्हा वाचून म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीचं साल चुकलंय."

"बाबा!"

"चुकलंय ते चुकलंय. दुरुस्त कर. आणि तारीखही कर."

"मी नाही करणार. मी तुम्हाला मारणार नाही."

"मारत नाहीयेस, बाळा. अडवून धरलंयस." त्यांचा आवाज चिरकला. "मला फार दुखतंय गं."

मॅडम उठून गेल्या. आत नळ चालू ठेवून रडल्या, मला ऐकू येत होतं. परत आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"उद्या?" त्यांनी विचारलं.

"उद्या रविवार. तुझ्या पेजवर रविवारी कुत्रं फिरकत नाही. सोमवारी घाल."

मॅडम हसल्या आणि हसता हसता त्यांनी सोमवार घातला. अकरा वाजता.

रविवारभर सर बोलत होते. चौदा महिन्यांत इतके बोलले नव्हते. विद्यार्थी, भांडणं, हरवलेली हस्तलिखितं. सोमवारी साडेदहाला मॅडमनी त्यांचे केस विंचरले, हात हातात घेऊन बसल्या. सर शांत होते. अकराला दोन मिनिटं असताना त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

"अगं, तुला कधी सांगितलंच नाही. त्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तुझी आई माझ्याकडे आली आणि तुझ्याबद्दल मला म्हणाली, की ही पोर..."

अकरा वाजले. मी पोस्ट सोडली.

मला थांबायचं होतं हो. देवाशपथ थांबायचं होतं. पण मला थांबता येत नाही.

चारशे माणसांनी हळहळ लिहिली. मॅडमनी एकही वाचली नाही. आता पेज काका चालवतात, दुसऱ्या फोनवरून, जे काही असेल ते त्याच दिवशी लिहून. मी मॅडमच्या टेबलाच्या खणात असतो. कधीकधी एखादे प्राध्यापक दार लोटून आत येतात आणि हळूच विचारतात, "माझी नोंद आहे का हो त्यात?" मॅडम नाही म्हणतात. रांग रिकामीच आहे, मी रोज बघतो.

सगळे गेले की मॅडम मला बाहेर काढतात. माझ्यावर राग काढत नाहीत, एकच विचारतात, "अकराच का घातले मी? सवा अकरा घातले असते तर?"

वाचकहो, मला दिलेली वेळ मी पाळणार. आईनं काय म्हटलं होतं ते माझ्यात कुठेच नाही, मी कितीदा शोधलं. तुमचं कुणाशी काही बोलायचं राहिलं असेल तर मला खाली ठेवा आणि आधी तेवढं बोलून या.