चुंगीपर्यंतची बस

“तनया, स्कूटर घेऊन हॉस्पिटलला ये. आत्ताच्या आत्ता,” आई फोनवर म्हणाली. “धापू मौसी आलेली नाही.”

मी पोचले तेव्हा ती फाटकाबाहेर भर उन्हात उभी होती. एरवी माझ्या स्कूटरवर बसायचं म्हटलं की ती दहा सबबी सांगे. त्या दिवशी मी नीट थांबायच्या आत मागे बसली.

“कुठं जायचंय?”

“खेजडीपुऱ्याला. झोटवाड्याच्या पुढं. चल तू, सांगते.”

माझी आई, सुहासिनी, सरकारी हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात नर्स होती. धापू मौसी ही तिची पेशंट, तिथं आठवड्यातून तीनदा यायची. तिच्या गावाची जुनी बस कंत्राट संपल्यावर बंद पडली, तेव्हापासून जावई तिला मोटरसायकलवर आणून सोडत असे. मग नवी इलेक्ट्रिक बस आली. शनिवारी झेंडूच्या माळा घालून ती थेट गावापर्यंत गेली, पेपरात फोटो आला. आईनं तो फोटो पाहिला आणि आनंदानं मौसीला फोन केला. आता सकाळी धक्के खात यायला नको, दुपारची पाळी घे, बस दारातून निघेल. मशीनची वेळही तिनंच बदलून घेतली.

आज सोमवार होता. शुक्रवारनंतर डायलिसिस न झालेल्या दोन दिवसांचं पाणी मौसीच्या अंगात साठलेलं होतं, आणि दुपारची पाळी सुरू होऊनही तिची खाट रिकामी होती.

“जावयाला विचारलंस?”

“तो कारखान्यात. फोन उचलत नाही. त्यालाही मीच सांगितलं गं, आता सोडायला नको म्हणून.”

झोटवाड्याच्या गर्दीत एकदम कानाशी हॉर्न वाजला. मागून ती नवी बस आली होती, इंजिनाचा आवाज न करता. आई किंचाळली. बस आम्हाला ओलांडून पुढं गेली आणि जुन्या चुंगीपाशी, जिथं पूर्वी जकात भरायला ट्रक थांबत, तिथं वळून उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून बाटलीतलं पाणी तोंडावर मारत होता.

“भैया, खेजड़ीपुरा नहीं जाएगी?” आईनं विचारलं.

“यहीं तक है, आंटीजी. आगे शहर की हद खतम.”

“शनिवार को तो गई थी!”

“शनिवार को तो नेताजी बैठे थे,” कंडक्टर खिडकीतून म्हणाला आणि स्वतःच हसला.

ड्रायव्हर हसला नाही. “चलाने का पैसा शहर वाले हद तक का देते हैं. आगे का पंचायत दे. पंचायत कहती है, हमने कब मंगाई थी? गाड़ी नई है, बैटरी फुल है. मंजूरी आ जाए, अभी ले चलूं.”

आई पुन्हा मागे बसली. चुंगीनंतर रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना बाभळी आणि वीटभट्ट्या. मी वेग वाढवला तरी ती ‘हळू’ म्हणाली नाही. तिची नखं माझ्या कुशीत रुतत होती आणि ती पुटपुटत होती, “तिला आडवं करू नका रे कोणी. आडवं करू नका.” आडवं केलं की छातीत साठलेल्या पाण्यानं श्वास कोंडतो, हे तिनं मला नंतर सांगितलं. आई जाऊन आता वर्ष होईल. डोळे मिटले की तिचा चेहरा नेहमीच येतो असं नाही. नखांचा तो दाब मात्र येतो.

खेजडीपुऱ्याच्या फाट्यावर बसथांब्याच्या नव्या पत्र्याखाली मौसी बसली होती. एकटी नव्हती, शेजारी एक बाई ओढणीनं वारा घालत होती.

“सब बोल्या, बस कोनी आवै,” ती बाई आम्हाला पाहताच म्हणाली. “मानै ही कोनी!” बस येणार नाही असं सगळ्यांनी सांगूनही मौसी ऐकत नव्हती.

मौसीचे ओठ काळसर पडले होते. आईकडे बघून ती एकेक शब्द काढत म्हणाली, “सिस्टरजी बोली छी... आवैगी.”

आईनं खाली बसून तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. अँब्युलन्सला फोन लावला, तर त्यांनी वाट बघा म्हणून सांगितलं. आई रस्त्यात जाऊन उभी राहिली. पहिला ट्रक तिला वळसा घालून निघून गेला. मग दुधाचे रिकामे कॅन घेऊन चाललेली पिकअप थांबली.

“मैडम, पुलिस केस तो नहीं है?”

“अभी नहीं है. आप सोचते रहोगे तो हो जाएगा.”

मागच्या हौद्यात कॅन सरकवून दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. मी स्कूटरवर मागोमाग. आईचं तोंड माझ्याकडे होतं. गाडी खड्ड्यातून गेली की तिचे डोळे गच्च मिटत. मधेच ती कोपर मागे मारत होती आणि मला वाटत होतं, संपलं. दर वेळी वाटत होतं.

“पाठीतून तिचा श्वास कळत होता,” आई पुढं एकदा म्हणाली. “थांबल्यासारखा वाटला की मी कोपर मारायचे.”

विभागात विनय नावाच्या तरुण नर्सनं मशीन तयार ठेवलं होतं. मौसीला उशांना टेकवून बसवलं, ऑक्सिजन लावला. आईनं सुई हातात घेतली. मी दारातून पाहत होते. तिचा हात थरथरत होता. टोक जागेवर ठरेना.

“मैडम, मैं लगा दूं?” विनय हळूच म्हणाला.

“हां, तू लगा.” मग ती मौसीकडे वळली. “मौसी, बस नहीं आएगी. मैंने गलत बताया. बिना पूछे बता दिया.”

मौसीनं मान हलवली. मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली. ते कुणालाच कळलं नाही, म्हणून तिनं मास्क बाजूला केला.

“आप ही लगाओ.”

सुई लावायचा हात तिनं तसाच पुढं ठेवला. दुसऱ्या हातानं आईचं मनगट धरलं आणि त्याची थरथर थांबेपर्यंत धरून ठेवलं.