बावखलाच्या गोगलगाई

आमच्या बावखलातल्या गोगलगाई चोर आहेत, असं माझ्याच घरात, माझ्याच मुलानं, माझ्या तोंडावर सांगितलं. तेही मी दिलेल्या केळ्याची साल काढता काढता.

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं हो. वसईजवळच्या आमच्या गिरीजमध्ये ज्याच्या वाडीत बावखल आहे, त्याच्या केळी मे महिन्यातपण तोंड पाडत नाहीत. पावसाचं पाणी त्यात थांबतं, तेच विहिरीला झरतं. माझ्या आजोबानं खणलेलं. आणि तेजसला ते बुजवून तिथं गाड्या लावायच्या होत्या. रविवारी जेसीबी येणार असं त्यानं ठरवूनपण टाकलेलं. आम्हाला विचारायचं कशाला, आम्ही नुसते बाप.

मी काही ऐकून घेत नव्हतो. तेवढ्यात त्याला हे पानांचं कोलीत मिळालं.

झालं असं, की मेघनानं, म्हणजे आमच्या सुनेनं, हॉलमध्ये माशांचा टँक ठेवलाय. ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, टँक तिच्या टेबलाच्या बाजूलाच. प्लास्टिकचं काही नाही त्यात, सगळी खरी झाडं. एक तर तलवारीसारख्या रुंद पानांचं, काय देखणं. काचेवर शेवाळ धरायला लागलं तेव्हा ती मला म्हणाली, पप्पा, हे खाणारं काही आहे का तुमच्याकडे? मी गेलो आणि बावखलातल्या मूठभर गोगलगाई आणून दिल्या. खूश झाली पोरगी. आमचा शेजारी इग्नेशियस, त्याला कुठल्याच गोष्टीत मागं राहायला आवडत नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी पिशवीतून एक काळा मासा आणला. सकर म्हणतात त्याला, काचेला तोंड चिकटवून बसतो. त्याच्या मुलीनं टँक बंद केलेला, तिथला हा. म्हणे हा एकटाच सगळं साफ करतो.

मग त्या रुंद पानांची चाळण व्हायला लागली. रोज नवीन पान. तेजसला तोंड फुटलं. म्हणाला, बावखलाची घाण घरात आली की असंच होणार, हेच बुजवायचं म्हणतोय मी. मंदा, आमची मंडळी, तीपण मान हलवायला लागली. माझी स्वतःची बायको. ज्या बावखलाच्या पाण्यावर तिच्या अबोलीचे गजरे व्हायचे, तेच बुजवायला.

खरं सांगतो, मला राग आला त्यात निम्मी धाकधूक होती. कारण वाडीतल्या कोणालाही विचारा, पानवेलीचं पान कोण खातं? गोगलगाय. ते आम्हाला लहानपणापासून डोक्यात बसलेलं. म्हणजे मीच मनातून माझ्या गोगलगाईंना दोषी धरून बसलेलो, आणि वरून भांडत होतो.

पण म्हटलं, आरोप झालाय तर शहानिशा होऊ दे. मी सगळ्या गोगलगाई वेचून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या, टँकचंच पाणी, आणि त्याच झाडाचं एक हिरवं पान आणि एक सडकं पान. बरणी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या समोर. तेजसला सांगितलं, जेवताना बघत जा.

सडकं पान गेलं. हिरव्याला हात नाही. हात म्हणजे तोंड.

आणि तिकडे टँकमध्ये एकपण गोगलगाय नसताना रुंद पानं जातच होती. तेजस म्हणाला, अंडी राहिली असतील. घ्या. आता अंडीपण पानं खायला लागली.

मग मी आमची वाडीची रीत केली. गोगलगाय पकडायची तर आम्ही ओल्या गोणपाटाखाली भाजीची फोड ठेवतो, अंधार आणि ओल बघून ती आपणहून येते. मी दुधीची फोड दगडाला बांधून टँकमध्ये सोडली, भर दुपारी वरून गोणपाट टाकलं, आणि मेघनाला म्हटलं, तू काम कर, मी बसतो. माझ्या हिशोबानं लपलेली एखादी गोगलगाय तरी सापडणार होती.

बऱ्याच वेळानं गोणपाट उचललं तर दुधीला इग्नेशियसचा सकर चिकटलेला. फोड बाहेर काढली. वरचा हिरवा भाग खरवडून काढलेला, आतल्या रेषा तशाच. मेघनानं शेजारी खराब झालेलं पान धरलं. तेच खरवडणं. पानाचं मांस गेलेलं, शिरांची जाळी उरलेली, आरपार उजेड दिसतोय.

ती म्हणाली, "पप्पा, याला काचेवरचं पुरत नाहीये. हा मोठा झालाय."

मी तेजसला हाक मारली. इग्नेशियसलापण कुंपणावरून बोलावलं, पाहुणा त्याचा होता. तेजसनं पान बघितलं, फोड बघितली. माशाला बादलीत घेतलं. इग्नेशियस मला म्हणाला, "त्यात काय एवढं, हरी. टाक बावखलात. तिथं खायला काय कमी आहे?"

आणि तेजस बादली घेऊन निघालापण.

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "इथं पानं खाल्ली तर तुम्ही घरात कोर्ट बसवलंत. तिथं सोडला तर हातभर वाढेल, अख्खं बावखल चाटून काढेल, आणि परत नाव माझ्या गोगलगाईंचं. आधी नीट बघायचं नाही, आणि नंतर घाण बावखलात टाकायची. मग म्हणायचं बावखल घाण आहे."

इग्नेशियसनं टोपी काढून डोकं खाजवलं. तेजस बादलीत बघत राहिला. मेघनानं फोन काढला, वसईत जिथून टँक घेतलेला त्या दुकानदाराला विचारलं, त्याच्याकडे मोठा टँक आहे, ये घेऊन म्हणाला.

तेजसनं बादली खाली ठेवली आणि स्वतः जेसीबीवाल्याला फोन लावला. मी कान देऊन होतोच.

"बुजवायचं नाही. गाळ काढायचाय फक्त. हो, रविवारीच."

चुकलो बिकलो काही म्हणाला नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

रविवारी जेसीबी आला. मी आधीच बांधावर खुर्ची टाकून बसलेलो. ड्रायव्हर म्हणाला, काका, बाजूला व्हा, लागेल. म्हटलं, तू गाळ काढ, केळींना टाकायचाय तो. मातीचं एक घमेलंपण आत पडलं तर मी इथंच आहे. जेवणाचा डबा मंदानं तिथंच आणून दिला, आणि तेजसनं छत्री.