काठ्यांची पंजी

मित्रांनो, मी भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांच्या कॅटमधली एक जुनी पंजी आहे, काठ्यांची पंजी. माझ्यावर पाच तरुण काठ्या उगारून एकमेकांना भिडलेले आहेत. म्हणून लोक मला भांडणाचं पान म्हणतात आणि मी निघाले की त्यांचे चेहरे पडतात. पडोत. मी याबद्दल कधी कुणाची माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही.

एका छापखान्यात जाड कागदाच्या भल्यामोठ्या तावावर माझा जन्म झाला. आम्ही अठ्ठ्याहत्तर भावंडं. यंत्राने आम्हाला कापून वेगळं केलं आणि एका खोक्यात भरलं. ते खोकं पत्ते वाचणाऱ्या एका मावशींकडे आलं. त्यांची बैठक म्हणजे जिन्याखालची चिंचोळी खोली, दोन खुर्च्या आणि एक डुगडुगणारं टेबल. माणसं आपलं दुखणं घेऊन येत, मावशी पत्ते पिसत आणि आम्ही एकेक करून उताणे होत असू.

सुरुवातीची वर्षं झोकात गेली. धावण्याच्या शर्यतीआधी एक मुलगी आली, तिला मी निघाले. "चुरस आहे. कंबर कस," मावशी म्हणाल्या आणि ती हसत गेली. पुढे एका नव्या नवरीला मी निघाले, तर तिने रडून खोली डोक्यावर घेतली. मावशींचं धाबं दणाणलं. गिऱ्हाईक यायच्या आधीच त्या मला कॅटमधून काढून ठेवू लागल्या. "लोक इथे धीर घ्यायला येतात बाई, मारामारी बघायला नाही," असं मलाच ऐकवत. शेवटी एक दिवस त्यांनी माझी दुहेरी घडी घातली आणि मला टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं.

तीन वर्षं, मित्रांनो! वर सूर्य आणि चांदणी ही गोड पानं मिरवत होती आणि मी टेबलाचा भार सोसत होते. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. सत्त्याहत्तर पानांत सगळ्यांची भविष्यं गोड निघत होती. निघणारच की, मला खाली दाबून ठेवलं होतं ना.

एका दुपारी कपडे शिवणारी एक बाई आली. ती आणि तिची थोरली बहीण मिळून दुकान चालवत. ताई कापड बेतायची, ही मशीनवर बसायची. बारा वर्षं कात्री ताईच्याच हातात. धाकटीच्या डोक्यात नव्या कपड्यांचे कितीतरी बेत होते, पण ती मूग गिळून बसली होती. आता ती दुसरीकडे नोकरी धरून गुपचूप निघून जाणार होती.

"जाऊ ना, मावशी? वाद नको वाटतो मला. ताईला चिठ्ठी लिहून ठेवीन."

मावशींनी पानं मांडली. "जा. सगळं सुखाचं दिसतंय," त्या म्हणाल्या. बारा वर्षांची जोडी एका चिठ्ठीवर मोडणार होती आणि मी खाली अडकून पडले होते. तेवढ्यात धाकटीचा गुडघा लागून टेबल हललं. शिवणाऱ्या माणसाला डुगडुगणारं टेबल सहन होत नाही. घडी नीट बसवायला ती वाकली आणि तिने मला ओढून काढलं.

"हे पण यातलंच पान ना?"

"ते राहू दे गं. भांडणाचं आहे."

तिने मला उलगडून उजेडात धरलं. शेकडो लोकांनी मला पाहिलं होतं, पण शिवणारीच्या नजरेने कुणीच नाही.

"मावशी, पाच जण काठ्या घेऊन भिडलेत आणि एकाचाही सदरा फाटलेला नाही. बाही उसवलेली नाही. काठ्या वरच्या वर अडल्यात."

मावशींनी चष्मा लावला. "खरंच की. आणि कुणी पळूनही गेलेलं नाही."

"मी मात्र पळतेय," धाकटी हळूच म्हणाली.

मला घेऊन ती तडक दुकानात गेली आणि कापडं बेतायच्या टेबलावर तिने मला आपटलं.

"ताई, मी दुसरीकडे नोकरी धरलीये. पण जायच्या आधी तुझ्याशी भांडणार आहे. बारा वर्षांत एकदा तरी मला कात्री लावू दिलीस?"

"तू कधी मागितलीस?"

"मागायला लागते का?"

"मग मला काय स्वप्न पडणार?"

अशी जुंपली म्हणता! गिऱ्हाइकं दारातूनच मागे फिरली. "तुला बेतायला जमतं का?" "तू बेतलेल्या खिशात चार बोटंसुद्धा मावत नाहीत!" जुनी उणीदुणी निघाली, दोघी रडल्या, पण दाराबाहेर कुणीच गेली नाही. संध्याकाळी ताईने नाक पुसत तागा उलगडला आणि कात्री पुढे केली.

"काप. वाया घालवलंस तर बघ."

धाकटी त्या नोकरीवर गेली नाही. मला मात्र तिने मावशींना परत दिलं आणि मावशींनी मला मुकाट्याने कॅटमध्ये ठेवलं. माझ्या पाठीवर घडीची आडवी रेघ कायमची राहिली आहे. पालथी असतानाही मी ओळखू येते. त्यामुळे टाळणारे मला बरोबर टाळतात.

गेल्या आठवड्यात ताई स्वतः आली. मावशींनी पानं पालथी पसरली. ताईचं बोट फिरत फिरत माझ्या रेघेवर थांबलं.

"हीच ना ती?"

"हीच. दुसरी घे हवं तर."

"नको, हीच द्या. धाकटीशी अजून खिशांवरून भांडायचं राहिलंय."

मित्रांनो, मी कुणाला मारायला सांगत नाही. माझे पाच जण नीट बघा, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. पण मला टेबलाखाली सारू नका. ज्या माणसापासून तुटायचं नाही, त्याच्यासमोर मला बेधडक टाका, आणि भांडण पुरतं होईपर्यंत दोघांपैकी कुणीही खोली सोडू नका.