मशीन चालव, आई

डॉक्टरबाईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही टेनिस खेळताय असं मनात आणा."

मला हसूच फुटलं. आईने जन्मात रॅकेट धरली नव्हती. जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला तेव्हापासून चार महिने ती उघड्या डोळ्यांनी पडून होती. हाक मारली तर पापणीही हलायची नाही. आत ती आहे की नाही, एवढंच आम्हाला कळायला हवं होतं. म्हणून तिला त्या स्कॅनरच्या बोगद्यात सरकवलं होतं. माणूस नुसता मनात हलला तरी मेंदूतली ती जागा पडद्यावर उजळते, म्हणे.

पडदा ढिम्म.

"तिला शिलाई मशीन चालवायला सांगा," मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं. "चाळीस वर्षं पायमशीन मारलंय तिने."

बाईंनी तसं सांगितलं. अर्ध्या मिनिटात पडद्यावर केशरी ठिपका उजळला. थांबा म्हटलं तसा विझला. पुन्हा सांगितलं, पुन्हा उजळला. दादा टाळ्याच पिटायला लागला. 

मलाही आनंद झाला, पण त्याआधी माझंच एक बोलणं आठवलं. गेल्याच आठवड्यात तिच्या उशाशी उभी राहून मी दादाला म्हटलं होतं, "सुटली तर बरं होईल रे. तीही आणि आपणही." म्हणजे ते तिने ऐकलं होतं.

"त्या दमतील, आज एकच प्रश्न," बाई म्हणाल्या. "हो असेल तर मशीन चालवायचं. नाही असेल तर घरातल्या खोल्यांतून फिरायचं, त्याने दुसरी जागा उजळते."

"दुखतंय का विचार," दादा म्हणाला.

मला भलतंच विचारायचं होतं, पण बाईंकडून माइक घेऊन तेच विचारलं. दुसरी जागा उजळली. दुखत नव्हतं.

माइक परत द्यायला हवा होता. मी दिला नाही.

"आई, त्या दिवशी ते सुटकेचं बोलले ना, ते चुकलंच माझं. उत्तर नको देऊस. पड निवांत."

स्कॅनर अजून चालूच होता. कोणी न सांगता मशीनची जागा उजळली.

"आता 'हो' कशाला म्हणाल्या या?" बाई गोंधळल्या.

दादाने नाक पुसलं. "'चुकलीसच' म्हणतेय."

मी रडत रडत हसायला लागले. चार महिन्यांनी आईची बोलणी खाल्ली होती.