कॅल्डर यांचा पॉज

मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात अश्लेषाला कधी भूमिका मिळाली नाही आणि तिने ती मागितलीही नाही. ती विंगेत बसायची, मांडीवर संहिता घेऊन. सिंगापूरच्या मराठी मंडळींना नाटकाची हौस दांडगी, पण पाठांतराला वेळ कुणाकडे होता? सेंगकांगहून येणारा उन्मेष दिवसभराच्या मीटिंगा उरकून, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र खिशात कोंबत तालमीला पोचायचा. नायक दर वर्षी तोच, आणि संवाद कुठल्याच वर्षी पाठ नाहीत. ‘अश्लेषा विंगेत आहे ना, मग झालं तर,’ असं तो चारचौघांत सांगायचा. मग अश्लेषा पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत प्रत्येक वाक्य हलक्या आवाजात, त्याच्या एक शब्द पुढे राहून वाचत जायची आणि उन्मेष तिच्या मागोमाग तेच गरजून सांगायचा. आपला आवाज पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जात नाही, याचा तिला मनातून अभिमान होता.

एरवी ती वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक होती. माशांच्या पारदर्शक अंड्यांत हृदय कसं घडतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे तिचं काम. प्रयोगशाळेचा सगळा कारभार सुझन कॅल्डर सांभाळायची. सुझनचे वडील इंग्रज आणि नट आहेत, एवढं सगळ्यांना माहीत होतं. एके दिवशी डबा खाता खाता सुझनने विचारलं, तू ते प्रॉम्प्टिंग करतेस म्हणतात, ते खरं का? वडिलांना एक कार्यक्रम करायचाय आणि संहिता धरून बसायला त्यांना माणूस हवाय.

कार्यक्रम तोआ पायोहमधल्या एका सभागृहात होता. हंफ्री कॅल्डर यांनी आपल्या नटपणाच्या आठवणी सांगायच्या आणि शेवटी एका जुन्या नाटकातलं स्वगत म्हणून दाखवायचं. सुझनचा याला विरोध होता. आदल्या वर्षी एका मित्राच्या स्मृतिसभेत ते वाचनाऐवजी तोंडपाठ म्हणायला उभे राहिले आणि मध्येच सगळं विसरले. लोकांनी थोडी वाट पाहिली आणि मग दयेपोटी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्यांना फार लागल्या. कितीतरी आठवडे ते खाली कॉफी प्यायलासुद्धा उतरले नाहीत.

‘पुन्हा तसं झालं तर हा शेवटचा कार्यक्रम,’ सुझन म्हणाली. ‘मी तसं त्यांना सांगितलंय, आणि त्यांनी मान्यही केलंय. त्यांना पुन्हा तसं खुर्चीत बसलेलं मला बघवणार नाही.’

कॅल्डर तोआ पायोहमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, सुझनच्या आईच्या फ्लॅटमध्ये राहत. उंच, किंचित वाकलेले, ब्याऐंशीचे. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. अश्लेषाने इथल्या रीतीप्रमाणे त्यांना ‘अंकल’ म्हटलं, तेव्हा ते म्हणाले की सगळा ब्लॉक मला अंकल म्हणतो, निदान नाटकवाल्यांनी तरी नावाने हाक मारावी. तिला ते जमेना. शेवटी ‘मिस्टर कॅल्डर’वर तडजोड झाली. तिचं नाव मात्र त्यांनी दोन-तीनदा तोंडात घोळवून अगदी नेमकं उच्चारलं. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘ॲश’ म्हणत, आणि तिनेही ते सुधारणं कधीच सोडून दिलं होतं.

पहिल्या शनिवारी तालीम बाजूलाच राहिली आणि गप्पाच झाल्या. कॅल्डर उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावचे. वडील मासेमारीच्या बोटीवर. हा पोरगा पोस्टात चिकटेल असं घरच्यांनी धरलं होतं, तो गावच्या नाटक कंपनीत शिरला. ती कंपनी दर आठवड्याला नवं नाटक करायची. रात्री या आठवड्याचं करायचं आणि दिवसा पुढच्याचं पाठ करायचं. ‘त्या वयात माझं डोकं पोस्टाच्या पेटीसारखं होतं,’ ते म्हणाले. ‘सोमवारी टाकलेलं सगळं शनिवारी रिकामं.’ पुढे लंडन, आणि मोठ्या नटांच्या भूमिकांची बदली तयारी. म्हणजे संवाद पाठ करून पडद्यामागे बसायचं आणि मुख्य नट आजारी पडण्याची वाट पाहायची. त्यांच्या वाट्याला आलेले मुख्य नट ठणठणीत प्रकृतीचे निघाले. मग सिनेमे. त्यांत ते बटलर झाले, डॉक्टर झाले आणि पुष्कळदा कर्नल झाले. मध्यंतराच्या आत बहुतेक वेळा मेलेही. एका हिंदी सिनेमातही ते गोरे साहेब होते. त्यातलं एकच वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं होतं: ‘इसे ले जाओ!’ अश्लेषाचा चहाचा रिकामा कप उचलताना ते हे वाक्य पूर्ण रुबाबात म्हणत आणि स्वतःच कप विसळायला नेत.

अशाच एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी ते साठच्या दशकात सिंगापूरला आले. आधीच्या शॉटमध्ये पेला उजव्या हातात होता की डाव्या, सिगारेट किती जळली होती, हे टिपून ठेवायला इथलीच एक मुलगी नेमली होती. कॅल्डर प्रत्येक शॉटला पेल्याचा हात बदलायचे आणि ती प्रत्येक वेळी येऊन तो बरोबर करायची. आपण हे मुद्दाम करत होतो, हे त्यांनी तिला लग्नानंतर सांगितलं. ते तिला तेव्हाच माहीत होतं. तिचं नाव मेई. पुढची सगळी वर्षं, मग मुक्काम लंडनला असो की इथे, स्वयंपाक करता करता त्यांचं पाठांतर तीच घ्यायची. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

‘म्हणजे तसं पाहिलं तर माझी स्मरणशक्ती तिच्याकडेच होती,’ कॅल्डर म्हणाले आणि कप विसळायला उठले.

दुसऱ्या शनिवारी तालीम सुरू झाली. स्वगत एका दीपगृहाच्या रखवालदाराचं होतं. त्याची नोकरी संपलीय, त्याच्या जागी आलेल्या माणसाला तो दिवा कसा पुसायचा ते समजावून सांगतोय. कॅल्डर यांनी आयुष्यात एकदाच मुख्य भूमिका केली, ती हीच. ते खिडकीपाशी उभे राहिले. अश्लेषाने संहिता उघडली आणि मंडळातल्या सवयीने, त्यांच्या एक शब्द पुढे राहून, सुरुवात केली.

तीन वाक्यांनंतर ते थांबले. तिने पुढचा शब्द दिला. ते तरीही थांबलेले. तिने जरा मोठ्याने दिला.

‘अश्लेषा,’ ते म्हणाले, ‘माझ्या पुढे पळू नकोस. मी म्हातारा आहे, मागे पडेन.’

‘तुम्ही अडकलात असं मला वाटलं.’

‘मी अडकलो नव्हतो, थांबलो होतो. तो माणूस शिडी चढून वर आलाय, त्याला दम लागलाय आणि समोर समुद्र आहे. तू त्याला समुद्र बघू दिला नाहीस.’

तिचे कान तापले. त्यांनी मग नीट समजावून सांगितलं. त्यांच्याकडे प्रॉम्प्टर संपूर्ण प्रयोगभर गप्प असतो. नट खरोखर अडला तरच एक शब्द द्यायचा, आणि लगेच पुन्हा गप्प. जो पॉजमध्ये बोलतो त्याला जेवायला कुणी बरोबर घेत नाही. अश्लेषाने उन्मेषची गोष्ट सांगितली. कॅल्डर इतके हसले की त्यांना बसावं लागलं. त्या भल्या माणसाला माझा नमस्कार सांग, ते म्हणाले, आख्खं नाटक दुसऱ्याच्या भरवशावर करायला माझ्याकडे आहे त्याहून जास्त धैर्य लागतं.

तेव्हापासून अश्लेषा गप्प बसायला शिकली. हात न लावता बघत राहणं तिला परकं नव्हतं. दिवसभर ती तेच करायची. हळूहळू तिला फरक दिसायला लागला. कॅल्डर थांबायचे तेव्हा त्यांची नजर कशावर तरी असायची, म्हणजे खिडकीच्या गजावर किंवा समोरच्या ब्लॉकमधल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि खांदे सैल असायचे. विसरायचे तेव्हा डोळे उघडे असूनही ते कुठेच बघत नसायचे आणि खांदे वर चढायचे. शब्द मिळाला की खांदे उतरत. तिने संहितेत पॉजच्या जागी पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या, लांब पॉजला लांब रेघ. काही आठवड्यांत तिला स्वगत पाठ झालं, त्यांच्या थांबण्यासकट.

कॅल्डर यांना मात्र ते कधी यायचं, कधी नाही. चांगल्या दिवशी तिला एकही शब्द द्यावा लागत नसे. वाईट दिवशी ते मध्येच मेईला हाक मारायचे आणि मग काहीच झालं नाही असं दाखवायचे. अश्लेषाही तसंच दाखवायची. सुझनने विचारलं की ती खरं तेच सांगायची: कधी जमतं, कधी जमत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं. ब्लॉकमधले शेजारी आले, काही जुने इंग्रज आले, आणि कॅल्डर यांचा निरोप मिळाल्यामुळे उन्मेषही बायकोला घेऊन आला. अश्लेषा विंगेत स्टुलावर बसली. सुझन तिच्या मागे उभी राहिली. तिला प्रेक्षकांत बसवेना.

आठवणी झकास रंगल्या. मध्यंतराच्या आत मरणाऱ्या कर्नलला हशा मिळाला, पेल्याच्या गोष्टीला त्याहून मोठा. मग दिवे मंद झाले आणि कॅल्डर रखवालदार झाले. शिडी चढून आले. दम घेतला. समुद्र बघितला. अश्लेषाने तिच्या लांब रेघेवर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. ते बरोबर जागच्या जागी पुन्हा बोलले. तिच्या मागे सुझनने श्वास सोडला.

दिव्याची काच पुसण्याच्या जागी ते थांबले. तिथे संहितेत रेघ नव्हती.

अश्लेषाने वर पाहिलं. खांदे चढलेले होते. तिने एक शब्द दिला. काहीच झालं नाही. पुन्हा दिला. कॅल्डर यांनी मान किंचित वळवली, जणू दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलतंय. शब्द पोचला होता, पण तो कशातला हेच त्यांना उमगत नव्हतं. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. पुढे काय येणार, हे सुझनला माहीत होतं. तिने अश्लेषाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो घट्ट झाला.

एका शब्दाने आता भागणार नव्हतं. अश्लेषाने संहिता मिटली आणि स्वगत अगदी सुरुवातीपासून, हलक्या आवाजात, सलग म्हणायला लागली. न पळता, त्यांच्याच चालीने. शिडीपाशी ती थांबली, समुद्रापाशी तिने समुद्र बघू दिला. पहिली काही वाक्यं तिच्या एकटीचीच गेली. मग कॅल्डर यांचे ओठ हलले. काच पुसण्याच्या जागेपर्यंत ती पोचली तेव्हा ते तिच्याबरोबर होते, एक शब्द मागे, आणि आवाज हळूहळू वर येत होता. प्रेक्षकांना म्हातारा रखवालदार बराच वेळ गप्प उभा राहिलेला आणि मग कामाला लागलेला दिसला. तिथून शेवटपर्यंत ती पुढे आणि ते मागे असे गेले. प्रत्येक पॉजला ती थांबली की तेही थांबत, आणि त्यांचे खांदे सैल होते.

टाळ्या आल्या. दयेच्या नव्हत्या, लोक उभे राहिले होते. सुझन डोळे पुसत म्हणाली, ‘त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.’ पण तिच्या आवाजात सुटका नव्हती. तिने स्वतः सगळं पाहिलं होतं, आणि आता हा कार्यक्रम शेवटचा हेच ठरवून ती बोलत होती, हे अश्लेषाला कळलं.

मग प्रश्नोत्तरं झाली. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, या वयात एवढं सगळं लक्षात कसं राहतं? गुपित काय?

कॅल्डर जरा थांबले. तो पॉज खरा होता. ते आजींकडे बघत होते.

‘राहत नाही, मॅडम,’ ते म्हणाले. ‘शिडी चढून आल्यावर मी कोण आहे हेच विसरलो होतो. त्या पडद्यामागे एक मुलगी बसलीय, तिने मला पुन्हा खालपासून वर चढवून आणलं. अर्धं स्वगत तिने म्हटलं आणि मी फक्त मोठ्याने म्हटलं.’

मग मागून उन्मेषचा आवाज आला, ‘माझंही ती तसंच करते!’ त्याची बायको त्याला गप्प करायला लागली आणि सगळं सभागृह हसलं. कॅल्डर सगळ्यांत जास्त.

‘तुम्हीच ते भले गृहस्थ,’ ते म्हणाले. ‘भेटून आनंद झाला.’

आजींना एवढ्याने समाधान नव्हतं. त्या म्हणाल्या, मग दोघं मिळून ते कसं करता तेच दाखवा ना, पुन्हा एकदा. कॅल्डर यांनी विंगेकडे पाहिलं. अश्लेषा स्टुलावरून हलली नाही. आजवर ती कधी विंगेची रेघ ओलांडून गेली नव्हती, आणि शिवाय याला परवानगी तिने द्यायची नव्हतीच. तिने मागे वळून सुझनकडे पाहिलं.

सुझन थोडा वेळ वडिलांकडे बघत राहिली. ते दिव्याच्या उजेडात उभे होते, एक हात विंगेच्या दिशेने पुढे करून, आणि त्यांना कशाचीही लाज वाटत नव्हती.

मग सुझनने कोपऱ्यातली एक घडीची खुर्ची उचलली, ती रंगमंचावर नेली आणि वडिलांच्या शेजारी, पण किंचित पुढे, नीट उघडून ठेवली.